डावीकडून सतरावी फळी

बैठक साडेचारला. चहा येऊन थंड झालेला.
तीन निविदा, त्यातली सगळ्यात स्वस्त
दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांची, जीएसटी वेगळा.
मी अकाउंटन्सी शिकवते म्हणून समितीत आहे.
जिन्यात ब्याण्णवच्या विजेत्या संघाचा फोटो आहे,
खालच्या रांगेत गुडघ्यावर चेंडू घेतलेली ती मीच,
हे प्राचार्यांना बहुधा माहीत नाही.

छप्पर गळतं, यावर वाद नाही.
जुलैतले सामने बादल्यांच्या हिशेबाने चालतात:
मध्यरेषेवर दोन, फ्री थ्रोच्या रेषेवर एक,
आणि कडेला देवराम शिंगोटे पोतं घेऊन उकिडवा.
पंचाची शिट्टी राहू दे,
त्याने मान हलवली की खेळ सुरू.

नव्या आराखड्यात देवराम नाही.
‘देखभाल : बाह्य संस्था’ असा रकाना आहे.

बाकी काय आहे ते सांगते.
परदेशी मॅपलची जमीन. बकेट खुर्च्या सहाशे चाळीस;
आत्ता दगडी पायऱ्यांवर हजारभर पोरं मावतात,
मग मोजणाऱ्यालाच बसायला जागा नसते.
देणगीदारांसाठी काचेची खोली, एसी.
सकाळी सहा ते आठ,
जी वेळ वसतिगृहातल्या पोरींनी आजवर फुकट वापरली,
ती एका अकादमीला भाड्याने.
तेवढ्यात कर्जाचा हप्ता निघतो. दोनदा करून पाहिलं.
निघतो.

आणि पान अकरावर:
मुलींसाठी कपडे बदलायची खोली. चार शॉवर. दाराला आतून कडी.

आम्ही रसायनशास्त्राच्या कोठीत बदलायचो,
गंधकाच्या वासात, एक हात बाहीत अडकलेला,
शशिप्रभा दाराला पाठ लावून उभी.
पाळी असली की सुमती कानडे
मध्यंतरातच रिक्षा करून नारायण पेठेत घरी जायची
आणि सर म्हणायचे, पोरगी दमते लवकर.
चार शॉवर, एकोणीस लाख.
त्या आकड्यासमोर मी लगेच बरोबरची खूण केली.

काल कंत्राटदार येऊन गेला, पोंक्षे.
वाकून एकेक फळी नाण्याने वाजवत होता,
टक, टक, टक, आणि डावीकडून सतरावीवर
ठप्प.
खडूने गोल काढला. “पोकळ आहे मॅडम, खालचं बॅटन कुजलंय.”
मला माहीत होतं.
तिथे चेंडू मरतो.
पाहुण्या मुलीला आम्ही अंगाने रेटत रेटत
त्या बाजूला न्यायचो, चेंडू गुडघ्यापर्यंतच उसळायचा,
आणि नाशिकच्या त्या उंच मुलीचा चेहरा...
अंतिम सामना तसा जिंकलाय.
फोटोखाली लिहिलंय ‘जिद्द’.

जुन्या सागाला भवानी पेठेत भाव आहे,
घनफुटाला साडेचार हजार, सडका भाग सोडून.
म्हणजे बाणेरात कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर
फ्री थ्रोची रेषा असेल, पांढरी, अर्धवट तासलेली,
वर वरणाची वाटी.
दहा लाख ऐंशी हजार. जमेत धरले.

देवरामला कुठे धरायचं, मी विचारलं.
कार्याध्यक्ष म्हणाले, “हे जरा भावनिक होतंय.”
म्हटलं, “महिना सोळा हजार आहे.”
कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला.

सही केली.
मंगळवार आणि शनिवार सकाळ पोरींना मोकळी, ही अट
समासात लिहिली. पेन्सिलीने,
कारण मग हप्ता निघत नाही.

खाली आले तर हॉलमध्ये एकच दिवा.
एक मुलगी एकटीच डाव्या बाजूने चेंडू आपटत येत होती.
खडूच्या गोलापाशी तिने हात बदलला,
खाली न बघता वळसा घेतला, आणि बास्केट चुकली.
देवराम पोतं झटकत होता.
“झालं का पास, बाई?”
मी म्हटलं, “शॉवर झाले.”